आधी बार की आधी शब्द

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी खैरोंडीच्या डोंगरावर बार झाला आणि प्रभाकर राऊळ आपल्या काजूच्या बागेत पालथा पडला. त्याची बायको तेव्हा मुंबईच्या बहिणीला फोनवर बोलून निरोप पाठवत होती. बार त्या निरोपात आला.

"पुन्हा लावा," आजगावकर वकील म्हणाले.

मी पुन्हा लावलं. बाईचा आवाज, सकाळच्या गारव्यानं जरा बसलेला: "विजू, काजी औंदा बऱ्या धरल्यानी गो. मोहोर गळाक नाय. तुका बोंडा धाडूक व्हयी होती, पन मुंबयक जाणारा कोण गावता..." मग शांतता. एक कावळा. मग एकच शब्द, "दादा". त्याच्या पाठोपाठ बार. लगेच मागून दुसरा, जरा दबका. तिथे निरोप तुटला.

"दोन," वकिलांनी दोन बोटं वर केली. "सोमणबाई, ठासणीची एकनळी बंदूक एकदा उडाली की पुन्हा दारू ठासा, छर्रे भरा, मिनिट-दोन मिनिटं जातात. इथे पापणी लवायच्या आत दुसरा बार. म्हणजे बंदुका दोन. माझ्या अशिलाकडे सापडली एक, तीही त्याच्या आज्याची, गवताच्या माचावर पडलेली."

"दुसरा बार प्रतिध्वनी असू शकतो."

"असू शकतो म्हणू नका हो. आहे की नाही ते सांगा. एसटीत हाडं खिळखिळी करून मी पुण्याला आलो ते 'असू शकतो' ऐकायला नाही."

रेडिओच्या बातमीपत्रांसाठी मी बरीच वर्षं आवाज कापायचं-जोडायचं काम केलं होतं. बातमीची वेळ टळत नसे, म्हणून ऐकलं ते लगेच सांगायची सवय होती. ऐकलं त्यापेक्षा जास्त सांगायची नव्हती. नोकरी सुटल्यावर कोर्टाची कामं येऊ लागली, धमक्यांचे फोन, लाच मागणाऱ्यांचे आवाज. बंदूक पहिल्यांदाच आली.

खटला वरवर सरळ होता. आरोपी जयवंत घोगळे, मेलेल्या प्रभाकरचा मेहुणा. दोघं एकाच गावातले, वाड्या दोन, मध्ये डोंगर. सासऱ्याच्या जमिनीतला बायकोचा वाटा प्रभाकरला हवा होता, जयवंत देत नव्हता. दोन वर्षं दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं. बायको शालिनी, म्हणजे जयवंतची धाकटी बहीण. तिनं पोलिसांना सांगितलं होतं की त्या वेळी ती घरापुढच्या खळ्यात काजूबिया निवडत बसली होती. तिचा फोन विहिरीत पडला होता. मुंबईच्या विजूनं बार ऐकून घाबरून तेवढा एक निरोप नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता, 'गावाक काय झाला?' असं विचारत. तिथून तो पोलिसांकडे गेला.

सरकारी वकिलांचं म्हणणं असं, की भाऊ बंदूक घेऊन डोंगर चढताना शालिनीला खळ्यातून दिसला, म्हणून तिच्या तोंडून 'दादा' निघालं आणि पुढच्याच क्षणी बार झाला. बहिणीच्या तोंडून भावाचं नाव, याहून वेगळा पुरावा कशाला हवा? जयवंतचा जबाब तीन वाक्यांचा होता. मी डोंगरावर होतो. माझ्या हातात बंदूक नव्हती. बार मी केला नाही. डोंगरावर कुठे, कुणाबरोबर, यावर तो गप्प.

"दुसरं कुणी नव्हतं डोंगरावर?" मी विचारलं.

"बाई, डुकरासाठी टपून बसणारे तिथे रोज कुणी ना कुणी असतात. पण डुक्कर मारणं गुन्हा. त्यामुळे त्या सकाळी अख्खं गाव आपापल्या घरी चहा पीत होतं."

*

एप्रिलमध्ये आम्ही खैरोंडीला गेलो. कोर्टानं चाचणीची परवानगी दिली होती, बंदुकीची दिली नव्हती. म्हणून प्रभाकर पडला होता त्या जागी एक हवालदार सुतळी बॉम्ब लावणार होता.

"नोकरीत बंदोबस्त पुष्कळ केले," डोंगर चढण्याआधी तो मला म्हणाला. "सरकारी खर्चानं दिवाळी पहिल्यांदाच."

मी राऊळांच्या खळ्यात बसले, शालिनीचा होता त्याच बनावटीचा फोन हातात धरून. शेणानं सारवलेलं, तीन बाजूंनी उघडं खळं. वेळ तीच, हवाही तशीच गार. शालिनी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. चाळिशीची, कपाळ मोकळं. घरातल्या कुणी तिला बाहेर ये म्हटलं नव्हतं आणि आत जा असंही नाही.

वर बॉम्ब फुटला. आवाज आला आणि समोरच्या डोंगरावर जाऊन गडगडत पसरत गेला. पुन्हा फोडायला सांगितला. पुन्हा तसंच. एक ठोका, मग लांबलचक गडगडाट. दुसरा ठोका नाही.

आजगावकरांचा चेहरा खुलला. "प्रतिध्वनी असा येतो. निरोपात तसा नाही. म्हणजे दुसरा बार खरा बार. लिहून टाका."

मी लिहिलं नाही. निरोपातले दोन बार मी संगणकाच्या पडद्यावर शेकडो वेळा पाहिले होते. दुसरा पहिल्यासारखाच होता, नुसता धार गेलेला. दोन माणसांच्या दोन बंदुका इतक्या सारख्या वाजत नाहीत. आणि आणखी एक गोष्ट होती. निरोपात शालिनीचा आवाज किंचित घुमत होता, हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा. या खळ्यात मी तासभर बोलत होते. माझा आवाज कुठेच घुमला नाही.

शालिनीनं कोकमाचं सरबत आणून दिलं.

"काय कळला?" तिनं हळूच विचारलं.

"अजून काही नाही."

"ह्या मशिनीत सगळा कळता?"

"सगळं नाही. आवाज कुठल्या भिंतींवर आपटून आला, ते थोडंफार कळतं."

मी दोन घोट घेतले होते. तिनं माझ्या हातातला पेला काढून घेतला आणि आत गेली.

प्रभाकर पडला ती जागा पाहायला आम्ही दोघं डोंगर चढलो. वकिलांना गुडघ्यांचा त्रास होता, म्हणून जवळची वाट धरली. वाटेत एक बंद पडलेली चिरेखाण लागली. जांभा दगड कापून नेलेला, चारी बाजूंना सुरीनं कापल्यासारख्या सरळ लाल भिंती, तळाशी हिरवं पाणी साचलेलं. आजगावकर कडेला दम खात उभे राहिले आणि त्यांची छत्री हातातून निसटून कातळावर पडली.

टक्. टक्.

मी खाणीत उतरले आणि टाळी वाजवली. दोन ऐकू आल्या.

"टाळ्या कुणासाठी, बाई?" वकील वरून म्हणाले.

"हवालदारांकडे आणखी बॉम्ब आहेत का?"

*

संध्याकाळी तालुक्याच्या विश्रामगृहात मी दोन्ही आवाज एकाखाली एक लावले. वर शालिनीचा निरोप, खाली खाणीतून घेतलेला बॉम्बचा आवाज. पहिला ठोका, मग भिंतीवरून परतलेला दुसरा. मधलं अंतर दोन्हीकडे तेच. दुसऱ्याची धार दोन्हीकडे तशीच गेलेली.

"बार एकच," मी म्हटलं. "दुसरा प्रतिध्वनी. तो खाणीच्या भिंतीचा. निरोप पाठवताना फोन खाणीत होता."

आजगावकरांनी पडद्यावरचे ठोके बोटानं मोजले. मग म्हणाले, "म्हणजे बंदूक एकच."

"हो."

"म्हणजे माझा बचाव गेला."

"तुमचा गेला. तुमच्या अशिलाचा आता सुरू होतोय. हे ऐका." मी फक्त तो एक शब्द लावला. मग त्याच्या आधीची काजूंची वाक्यं. मग पुन्हा शब्द. "फोन तोंडाशी धरून बोललं की आवाज कोरडा येतो. काजूंबद्दल ती तशी बोलते. 'दादा' म्हणताना आवाज लांब गेला आणि भिंतींचा घुमारा वाढला. तिनं तोंड फिरवलं. हा शब्द विजूला नाही. तिच्याजवळ जो होता, त्याला आहे."

"ती दादा कुणाला म्हणते?"

"तुम्हीच सांगितलं होतं. जयवंतला."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बार झाला सव्वाचारशे मीटरवर. आणि हा माणूस तेव्हा बहिणीजवळ बसलेला. एक वाक्य बोलला असता तरी सुटला असता. मग हा तोंड का उघडत नाही?"

जयवंत पुढच्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात भेटला. किडकिडीत, पन्नाशीचा, पायात रबरी चपला, दोन पोलिसांच्या मध्ये बाकावर बसलेला. मी काय सापडलं ते सांगितलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"चुकीचा असा," तो म्हणाला. "ती खळ्यात होती. तसा लिवा."

"तसं लिहिलं तर तुम्हाला जन्मठेप होईल."

"आमचा आमी बघू."

"तुम्ही खाणीत होता."

"त्या खाणीत कोण जाता? म्हस पडलेली पावसात, ती काढूक गेल्लंव. ता शेवटचा."

पुकारा झाला. पोलिसांनी त्याला उठवलं. दोन पावलं जाऊन तो थांबला आणि पाठीमागे न बघता म्हणाला, "मॅडम, तिचो तेवढो एक शबूद मशिनीतना पुसाक येता काय?"

"नाही," मी म्हटलं.

*

शालिनीला भेटायला मी एकटी गेले. घरी सासू, दीर, शेजारी. तिनं मला मागच्या मांगरात, सामानाच्या खोपटात नेलं. काजूच्या बिया पसरलेल्या होत्या, वरून कौलांतून ऊन येत होतं. तिनं एक पाट माझ्याकडे सरकवला आणि स्वतः जमिनीवर बसून बिया निवडू लागली.

"तुम्ही खळ्यात नव्हता," मी म्हटलं.

तिचा हात चालू राहिला. "कोणाक सांगितलास?"

"वकिलांना. आणि जयवंतना."

"दादा काय म्हणालो?"

"तुम्ही खळ्यात होता म्हणाले."

"तो तसोच." ती ओठांपुरतं हसली. "ल्हानपणी माझी पाटी फुटली तरी मार तोच खाय. मास्तरांनी इचारल्यानी तर म्हणा, मीच फोडलंय."

"मग तुम्ही का सांगत नाही? तुम्ही सांगितलंत की ते सुटतात."

ती उठली, मांगराचं दार लोटून आली.

"दोन वर्सां झाली," ती म्हणाली. "ह्येंनी माका देवळात नेल्यानी. रवळनाथाच्या पायरीर नारळ ठेवल्यानी. म्हणाले, माझ्या जिवाची शपथ घे, भावाशी एक शबूद बोलणार नाय म्हणान. घेतलंय. त्या घरात ऱ्हवाचा तर दुसरा काय करतलंय?"

"आणि तरी भेटत होता."

"भेटा होतंव. बोला नाय होतंव." ती हे ठासून म्हणाली. "आयतवारी हे लवकर बागेत जात. मी चुलीक फाटी आणूक म्हणान खाणीत जाय. दादा त्या भितीक पाठ लावन बसा, मी ह्या भितीक. फोन मदी दगडार. मी फोन घेय आणि विजूक इचारी, 'विजू, आये जेवता काय गो?' फोन ठेवय. तो उचली आणि विजूक सांगी, 'विजू, आये पेज जेवता, औषध घेणा नाय.' दोघव विजूशी बोला होतंव. एकमेकांशी नाय. शपथ मोडाक नाय."

"आणि विजू?"

"ती थयसर डोंबिवलीत चपात्यो लाटीत ऐका. म्हणा, मी काय तुमचा पोस्ट हाफिस?" ती पुन्हा हसली, या वेळी खरी. "शिव्यो घाली आमका. पन रोज इचारी, आयतवार कधी येता."

"तिच्या फोनमध्ये हे सगळं असेल."

"पुसल्यान. मीच रडान पुसाक लावलंय. तो एक ग्रुपार गेललो, तेवढो ऱ्हवलो."

बाहेर कुणीतरी गुरांना हाकत गेलं. ती थांबली, मग आवाज आणखी खाली आणून बोलू लागली.

"त्या दिवशी दादा विजूक म्हणालो, 'विजू, आये रात्री शालूक हाक मारी होती.' एवढाच. फोन ठेवल्यान. मी उचललंय आणि काजींचा बोलाक लागलंय. दुसरा काय सुचाना. आवशीचो आवाज कानात. आणि मगे माझी मान फिरली, तोंडातना गेला..."

"दादा."

"आणि बार." तिचा हात बियांत तसाच राहिला. "दचकान फोनावरचा बोट सुटला, निरोप गेलो. दोन वर्सांत पयलो शबूद, मॅडम. मी बोललंय, आणि हे पडले. माझ्या तोंडान पडले. आता कोर्टात उभी रवान सांगू? खाणीत होतंय म्हटला तर सगळो गाव इचारतलो, बोललंस काय? माझी दोन चेडवां हत. तेंनी काय समजाचा, आवशीन बापाशीक मारल्यान?"

"ज्यानं बंदूक चालवली, त्यानं मारलं."

"बंदूक कोणी चालवल्यान ता पोलीस बघतले. मी माझा इचारतंय." तिनं प्रथमच माझ्याकडे सरळ पाहिलं. "तुमच्या मशिनीत सगळा पुढेमागे लागता ना? माका एकच सांगा. आधी काय? बार की माझो शबूद?"

हा प्रश्न मला कुठल्याच वकिलानं विचारला नव्हता.

"फोनमध्ये आधी शब्द आहे," मी म्हटलं. खोटं सांगून भागणार नव्हतं, निरोप तिनंही ऐकला होता. तिनं मान हलवली, ठाऊकच असल्यासारखी. "पण फोनमध्ये आहे तो बार तुमच्या कानापर्यंत आला तेव्हाचा. बंदूक उडाली ती त्याच्या आधी."

"म्हणजे?"

"ओढ्यापलीकडे कुणी धुणं आपटताना पाहिलंय?"

"रोजचाच."

"लांबून पाहिलं की आवाज कधी येतो? कपडा दगडावर पडतो तेव्हा?"

ती विचार करू लागली. "नाय. हात परत वर जाता तेव्हा."

"तसंच. आवाजाला वाट चालायला वेळ लागतो. राऊळ पडले तिथून खाणीत बार ऐकू यायला सव्वा सेकंद लागतो. बार ऐकू आला त्याच्या पाऊण सेकंद आधी तुमचा शब्द सुरू झाला. बार त्यांच्याजवळच झाला असेल, तर तुम्ही तोंड उघडलंत तेव्हा बंदूक उडून अर्धा सेकंद झाला होता."

ती ओठांतल्या ओठांत काहीतरी जुळवत राहिली. "म्हणजे ते आधीच..."

"हो. तिथंच झाला असेल तर."

"अर्धो सेकंद म्हणजे किती?"

शेजारी पत्र्याचा रिकामा डबा होता. मी त्यावर बोटानं दोनदा वाजवलं. ठक, ठक.

तिनं डबा आपल्याकडे ओढला आणि तसंच वाजवून पाहिलं. "एवढो?"

"एवढा."

तिनं पुन्हा वाजवलं. मग पुन्हा. मग डबा बाजूला ठेवला आणि पदरानं तोंड पुसलं.

"खूप झालो," ती म्हणाली.

*

शालिनी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली तेव्हा सासरचे सगळे पहिल्या बाकांवर होते. तिनं खाण सांगितली, दोन भिंती सांगितल्या, मधला फोन सांगितला. टायपिस्टला वाक्यं कशी लिहावीत कळेना, न्यायाधीशांनी तिला दोनदा थांबवलं. उलटतपासणीत सरकारी वकील म्हणाले, "आज इथे शपथेवर खरं सांगताय. देवळात घेतलेली शपथ पाळलीत का?"

"पाळलंय," ती म्हणाली. "बार आधी झालो."

जयवंत आरोपीच्या पिंजऱ्यात खाली बघत उभा होता. एकदाही त्यानं मान वर केली नाही.

त्यानंतर माझी साक्ष झाली. माझ्या अहवालात शेवटी एक वाक्य होतं: प्रतिध्वनीवरून ऐकणारा कुठे होता आणि आवाज कुठल्या दिशेनं आला ते सांगता येतं, बंदूक किती लांब होती ते सांगता येत नाही. त्याच रेषेत जवळून बार झाला असता तरी दोन ठोक्यांमधलं अंतर बदललं नसतं, आणि फोन मोठा आवाज स्वतःच दाबतो, त्यामुळे लहानमोठेपणावरून काही ठरत नाही. त्या वाक्यावर कुणीच प्रश्न विचारला नाही. सरकारी वकिलांचा सगळा रोख बहीण भावाला वाचवायला खोटं बोलते यावर होता.

जयवंत संशयाचा फायदा मिळून सुटला. त्याच दिवशी शालिनीची पत्र्याची पेटी आणि मुलींची दप्तरं राऊळांनी खळ्याबाहेर ठेवली. ती मुलींना घेऊन माहेरी आली. आई तोवर होती. शालिनीच्या हातचं दोन महिने जेवून ती गेली.

सरकारनं वरच्या कोर्टात अपील केलं. त्यात नवा मुद्दा आहे. बागेच्या खालच्या वाटेवर, खाणीच्या बाजूला, रक्ताचे डाग पंचनाम्यात लिहिलेले होते, ते कुणी लक्षात घेतले नव्हते. आता सरकारचं म्हणणं, प्रभाकरला गोळी लागली ती त्या वाटेवर, आणि जखमी होऊन तो आपल्या बागेपर्यंत चालत आला. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी तसं होऊ शकतं असं कळवलं आहे.

या सगळ्याला आता नऊ वर्षं झाली. गेल्या वर्षी मी दुसऱ्या कामासाठी त्या बाजूला गेले होते, तेव्हा घोगळेवाडीत गेले. शालिनीचे केस पांढरे झाले होते. थोरल्या मुलीचं लग्न झालं होतं. शालिनीनं कोकमाचं सरबत दिलं आणि मी पेला संपवेपर्यंत समोर बसून राहिली.

"वकील सांगा होते," ती म्हणाली, "हे चालत इले म्हणान. खाणीच्या बाजून."

"हो. अपिलात तसं आहे."

"मगे तुमचो अर्धो सेकंद ऱ्हवता काय?"

मला उत्तर ठाऊक होतं. आजगावकरांचा फोन आला त्याच दिवशी मी आकडे मांडले होते.

"बार निम्म्या वाटेवर झाला असेल, तर नाही राहत."

"मगे शबूद आधी."

"मग शब्द आधी."

तिनं मान हलवली. रिकामा पेला उचलला, पुन्हा खाली ठेवला.

"पण त्यांच्या जिवाची शपथ होती," मी म्हटलं. "ते गेले. आता ती कुणाला लागू आहे?"

"शपथ सोडवून घेवक तरी तो माणूस व्हयो ना, मॅडम."

जयवंत बागेतून आला. पाय धुतले, मला नमस्कार केला आणि पडवीच्या दुसऱ्या टोकाला खांबाला पाठ लावून बसला. दोघांच्या मधल्या पायरीवर एक फोन होता. शालिनीनं तो उचलून तोंडाशी धरला.

"विजू, दादाक सांग, पाणी तापला हा."

तिनं फोन ठेवला. थोड्या वेळानं त्यानं हात लांबवून तो घेतला.

"विजू, तिका सांग, मॅडमांका शेरभर काजी बांध."

अपील अजून सुनावणीला आलेलं नाही. बार कुठल्या बंदुकीचा, तेही ठरलेलं नाही.